काळ्या शाईखालची ओळ

त्या उन्हाळ्यात लढाई सुरू झाली आणि आमची पलटण सीमेवर गेली. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. पलटणीचे प्रमुख सीओ साहेब केरळचे, अॅडज्युटंट पंजाबचे. त्यामुळे जवानांची मराठी पत्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं.

रोज दुपारी १४०० ते १६०० मी तंबूत खोक्यावर बसून पत्रं वाचायचो. जागेचं नाव, नदी, माणसांची संख्या, तोफांचा उल्लेख, यातलं काही दिसलं की त्यावर काळी शाई. मग शिक्का, सही आणि पुढचं पत्र.

दुसऱ्याचं पत्र वाचणं आधी चोरीसारखं वाटायचं. हळूहळू कुतूहल वाटू लागलं. परेडवर सगळ्यांना थरथरायला लावणारा एक हवालदार बायकोला ‘रागावली नसशील ना?’ असं विचारायचा. एक शिपाई दर पत्रात आधी म्हशीची चौकशी करायचा, मग वडिलांची. ज्यांच्याबरोबर रोज जेवायचो, ती माणसं मला पत्रांतून नव्याने कळत होती.

लान्स नाईक अंबादास गाडे हैदराबादचा, मलकपेठेतला. कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. बायकोला सातवा महिना होता. त्याने लिहिलं होतं, ‘मुलगी झाली तर सिंधू नाव ठेव. इथे खाली तीच वाहते. सकाळी तिच्या आवाजाने जाग येते.’

मी सगळंच काळं केलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याला बोलावून दाखवलं.

“नदीचं कापा साहेब. नाव तरी राहू द्यायचं.”

“नावावरून जागा कळते.”

“आमच्या मलकपेठेत गल्लीगल्लीत सिंधू आहेत, साहेब. त्यावरून कुणाला काय कळणार?”

त्याचं बरोबर होतं. पण शाई वाळली होती.

“उद्या दुसरं पत्र लिही. नदी नको, नुसतं नाव लिही. मी पास करतो.”

“हौ साहेब.”

दुसऱ्या दिवशी ०५१० ला त्याची तुकडी समोरच्या डोंगरधारेकडे निघाली. मी खाली रेडिओ सेटजवळ होतो. ०६४० ला त्याचा आवाज आला.

“रस्ता मोकळा. पुढे जातोय. ओव्हर.”

आठ मिनिटांनी धारेवर तोफगोळे पडले. मी त्याला अकरा वेळा कॉल दिला.

हवालदार शिंदे, लान्स नाईक गाडे आणि शिपाई मोरे परत आले नाहीत. दुसरं पत्र लिहायचं राहून गेलं.

त्याच्या घरी सीओ साहेबांचं पत्र गेलं. मी काही लिहिलं नाही. तेव्हा जागा गुप्त होती. पुढे गुप्त राहिली नाही, तरी माझा धीर झाला नाही.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे हैदराबादला, कुकटपल्लीत राहायला आलो. गेल्या महिन्यात पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याकडून माझा नंबर घेऊन गाडेची मुलगी घरी आली. अपर्णा. इथेच एका कंपनीत नोकरी करते. तिने प्लास्टिकच्या पाकिटातून पत्र काढलं.

“अंकल, मला मराठी बोलता येतं, वाचायला नीट जमत नाही. आईने हे इतक्यांदा वाचून दाखवलंय की पाठ झालंय. फक्त या काळ्या पट्ट्याखालचं माहीत नाही. खालची सही तुमची ना?”

“माझीच.”

“आईला वाटतं, बाबांना कळलं होतं आपण जिवंत परत येत नाही म्हणून. भीती वाटते, असं लिहिलं असणार आणि तेच तुम्ही कापलं.”

मी चष्मा लावला आणि पत्र सुरुवातीपासून मोठ्याने वाचलं. काळा पट्टा आला तिथे थांबलो नाही.

ती म्हणाली, “म्हणजे मी सिंधू.”

“हो.”

“इतकी वर्षं का नाही सांगितलंत?”

“चुकलं माझं.”

तिने आईला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“भ्याले नव्हते का हो ते?” पलीकडून बाईंनी विचारलं.

“नाही वहिनी. खुशीत होते. नावासाठी माझ्याशी भांडले.”

त्यांनी आणखी एक विचारलं.

“आणि मुलगा झाला असता तर काय ठेवायचं होतं?”

“मुलाचं नाव त्यांनी लिहिलंच नव्हतं.”