पिशवीतलं पिल्लू आणि मंद्रूपची एसटी

चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. अख्ख्या एसटीनं मला मुलं पळवणारी ठरवलं होतं, आणि चूक सगळी माझीच!

तेव्हा मी सोलापुरात एम.एस्सी.ला होते, प्राणिशास्त्र. त्या सकाळी तोंडी परीक्षा. विषय काय? तर कांगारू, वोम्बॅट, प्लॅटिपस! मंद्रूपच्या पोरीनं यातलं काय बघितलंय, सांगा! पण पाठांतर कडक होतं. मंद्रूपला एसटीत बसले, कानात इअरफोन घातले आणि मैत्रिणीला फोनवर उत्तरं म्हणून दाखवायला लागले. इअरफोन घातला की आपण किती ओरडतोय ते आपल्याला कुठं कळतं?

"अगं, दिवस भरायच्या आतच पिल्लू बाहेर! डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. ते थेट पिशवीत! मग महिनोन्‌महिने बाहेर काढायचंच नाही!"

शेजारी मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एक मावशी होत्या. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीवर गेली.

"कुणाचं हाय गं?"

मला वाटलं, पिशवीतल्या माझ्या परीक्षेच्या मॉडेलचं विचारतायत. "माझंच की, मावशी! परीक्षा झाली की तिथंच सोडून येणार."

"अय्यो! कंडक्टर, गाडी थांबवा! हिनं बाळ पिशवीत कोंबलंय!"

करकचून ब्रेक. कंडक्टर आला. "ताई, पिशवी उघडा. न्हायतर गाडी सरळ चौकीवर."

परीक्षेला उरला होता एक तास! मी घाईघाईनं पिशवी उघडली. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं माझं मॉडेल: कांगारूचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, मोठं करून बनवलेलं. गुलाबी, डोळे मिटलेलं, वीतभर. आयुष्यात एकदाच माझा हात इतका सुंदर चालला होता!

मागची एक बाई किंचाळली.

"अहो, माती हाय ही, माती!" मी ओरडले.

"माती झाली व्हय गं लेकराची!" मावशींनी डोळ्याला पदर लावला.

शेवटी मी पिल्लू समोरच्या दांडीवर आपटलं. टक्‌! पाय तुटला, आतली शाडू दिसली, तेव्हा कुठं गाडी हलली.

मग काय, सगळ्यांना सगळं समजावून सांगणं आलं. कांगारू झाला, वोम्बॅटवर आले. "हा जमिनीत बीळ करतो, यालाही पिशवी असते."

मावशी म्हणाल्या, "मग तिचं तोंड मागं असंल."

"नाही हो, सगळ्यांचं वरच असतं."

"अगं, उकरताना माती पिल्लाच्या नाकात जाईल की!"

मी हसले. अख्ख्या गाडीसमोर ऐटीत वही उघडली. माझ्याच अक्षरात, लाल शाईनं लिहिलेलं: वोम्बॅट, पिशवीचं तोंड मागच्या बाजूला.

कंडक्टरनं वाकून वाचलं, सावकाश.

"मावशी, विद्यापीठाला तुमी उतरा. ताई जातील मेंढरांकडं."