दातांत धरलेला गजर
तरुणपणी तापात घड्याळजी बाबाजींना बहिरेपण आलं आणि गजराची मनगटी घड्याळं त्यांच्या दुकानात आली ती त्यानंतर. तरी अख्खं रत्नागिरी ती दुरुस्तीला त्यांच्याकडेच नेई. शहाऐंशी साली मीही सासऱ्यांचं नेलं. त्याचा गजर नुसता पुटपुटायचा. बाबाजींनी चावी भरून घड्याळ सरळ दातांत धरलं. मला शिसारीच आली.

"नुसती कड थरथरते," ते करवादले. "मशीन खरं, पण बाहेरची केस भलतीच! गजराची हातोडी आपटायला झाकणाला आतून खुंटीच नाही."

डबा उपसून त्यांनी जुनी केस शोधली, मशीन तिच्यात बसवलं आणि पुन्हा दातांत धरलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले. मग घड्याळ माझ्या हातात देऊन परत वाजवलं आणि हळूच विचारलं,

"कसा वाजतो हो हा?"