वार खाली होती

आठवा महिना नुकताच लागला होता. शिवडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिलांचं काम करायचे. काळाचौकीच्या आमच्या चाळीत नळ तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या माळ्यावर. सकाळी दोन कळश्या वर आणायच्या आणि मग ऑफिसला निघायचं, हे शेवटपर्यंत चालू होतं.

त्या रविवारी दुपारी भांडी घासून उठले तर पायावरून गरम काहीतरी ओघळलं. बघते तर लालभडक रक्त. पोटात कळ नाही, काही नाही. त्यामुळे आधी भीतीसुद्धा वाटली नाही. पंधरा दिवसांपूर्वी असाच एक डाग दिसला होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "उष्णता असेल, सब्जा घे." मी घेतला आणि विसरून गेले. या वेळी रक्त थांबेना. सासूबाईंनी जुनी साडी फाडून दिली, नवरा टॅक्सी घेऊन आला. परळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझे हात गार पडले होते.

नर्स तपासायला पुढे आली, तशी डॉक्टरीणबाई ओरडल्या, "आतून हात लावू नका. आधी सोनोग्राफी." मग त्यांनी नवऱ्याच्या हातातली फाइल चाळली. त्यातला एक कागद मी कधी बघितलाच नव्हता. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा. तो आणायला नवरा एकटा गेला होता, डॉक्टरांनाही त्यानेच दाखवला होता. मला फोन करून म्हणाला होता, "सगळं नॉर्मल."

"बाळाची वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर, हे तुम्हाला माहीत होतं ना?" बाईंनी मला विचारलं. "ओझं उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत, आठव्या महिन्यात परत सोनोग्राफी, थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं. सगळं लिहिलंय इथे."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघत होता.

पाचव्या महिन्यापासून तो वेगळी चादर घालून झोपत होता. माझं पोट वाढलं म्हणून याला मी नकोशी झाले, असं वाटून मी कितीदा तोंड फिरवून रडले होते. म्हणजे डॉक्टरांचं तेवढं एक त्याने पाळलं होतं. कळश्या मात्र मला आणू दिल्या.

"तू घाबरली असतीस गं," तो पुटपुटला.

"घाबरले असते," मी म्हटलं. "घाबरून घरी बसले असते."

सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या वॉर्डाच्या दारातच मुलावर कडाडल्या, "माका तरी सांगूक व्हया होतां रे! मी तिका सब्जा पाजीत बसलंय!" आणि तिथेच बाकावर बसून रडायला लागल्या. तोवर मी मनातल्या मनात सगळा दोष त्यांनाच देत होते.

बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, पण थांबायला वेळच मिळाला नाही. रक्त वाढलं, ताबडतोब सिझेरियन करावं लागलं. मला दोन बाटल्या रक्त चढवलं. मुलगी झाली, दीड किलोची. अठरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघींचं काही सांगता आलं नसतं, असं बाई म्हणाल्या. नवऱ्याने ते ऐकलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. मला त्याची दया आली नाही.

लेक आता पहिलीत आहे. तिचे केस तोच विंचरतो, डबाही तोच भरतो. मागच्या वर्षी एकदा त्याने अचानक विचारलं, "अजून राग आहे माझ्यावर?"

"राग नाही," मी म्हटलं.

तो मोकळेपणाने हसला. रागाच्या जागी काय आहे, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.