ट्यूलिपचे कांदे
कुंडीतली कोरडी माती भिजली की जो वास येतो, त्याने मला शारजातल्या अल नहदामधला तो नोव्हेंबर आठवतो. नवऱ्याची नोकरी गेली होती, व्हिसा रद्द झाला होता आणि देश सोडायला महिनाच उरला होता. तिथे थंडी नसते म्हणून दीड महिना फ्रिजमध्ये ठेवलेले ट्यूलिपचे कांदे नेमके त्याच आठवड्यात लावायचे होते. नवरा फोनपासून बाल्कनीपर्यंत सारख्या येरझाऱ्या घालत होता. "जानेवारीत फुलतील," मी म्हणाले. मुलगी म्हणाली, "बट वी वोन्ट बी हिअर." मी कुंडीत माती भरत राहिले. थोड्या वेळाने तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. "किती खोल?" त्याने विचारलं. "चार बोटं," मी म्हणाले. त्याने दोन कांदे लावले तोच फोन वाजला. तो मातीच्या हातांनीच धावला. "राँग नंबर," म्हणत परत आला, बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "दे पुढचा." नोकरी अगदी शेवटच्या आठवड्यात मिळाली आणि जानेवारीत फुलंही आली. त्यांचा रंग आता मला आठवत नाही, पण रिसीव्हरला लागलेली ती माती मी बरेच दिवस पुसली नव्हती.