पिवळा रुमाल

बारामतीत आम्ही अमेरिकन फुटबॉल खेळायचो, तेव्हा पंच म्हणून शेळगावाहून एक गृहस्थ मोटारसायकलवर यायचे. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. प्रत्येक सामन्याआधी ते बोटांवर दंड मोजायचे. “चेंडू हालायच्या आधी हाललास, संघ पाच यार्ड मागं. हेल्मेटची जाळी वढलीस, पंधरा. डोकं खाली घालून घुसलास, तर मैदानाबाहेर.” आम्ही हसायचो.

इंदापूरच्या संघाविरुद्ध मी डोकं खाली घालूनच घुसलो. समोरचा पडला, तो उठेचना. सरांनी दंडाचा पिवळा रुमाल फेकला, मला बाहेरची खूण केली आणि त्याच्याकडे धावले. पोरं त्याचं हेल्मेट काढायला वाकली, तसे ते ओरडले, “हात लावू नका! मान हालली तर जन्माचा अधू हुईल!”

त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ते मातीत गुडघ्यांवर बसले. “पाय हालीव, बाळा.”

पाय हलेनात. सर तेच, तितक्याच शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बऱ्याच वेळानं डावा बूट हलला, मग उजवा.

रुग्णवाहिका गेल्यावर ते माझ्याकडे आले. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो. त्यांनी माझ्या मानेवरून हात फिरवला आणि विचारलं, “तुला कुठं दुखतंय का रं?”