गोड धूर

ही गोष्ट सांगायची मी अनेक वर्षं टाळली. उपग्रहाच्या चित्रांवरून वणव्यांचा धूर कुठून निघतो आणि कुठवर जातो, हे नोंदवणं माझं काम होतं. नव्वदच्या दशकात एका चित्रात धुराचा उगम डाळज गावाजवळच्या माळावर दिसला, म्हणून खात्री करायला गेलो.

तिथं एक म्हातारा मेंढपाळ भेटला. मी चित्र दिलं, तर त्यानं ते आधी नाकाशी नेलं.

"आबाळातनं काढलाय व्हय फोटू? मग ह्याला वास कुठनं यायचा, सायेब? वारं हुंगा, गोड हाय. फडात उसाचं पाचट जाळत्यात, त्येचा धूर हितं येतोय. आमी गवात जाळलं तर मेंढरं काय खातील, तुमचा फोटू?"

मी हसलो. वास मलाही आला होता. तरी अहवालात लिहिलं, मेंढपाळांनी गवत पेटवलं. चित्रातला धुराचा ठिपका माळावर होता आणि वासासाठी रकाना नव्हता.

त्या अहवालावरून माळ चराईला बंद झाला. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. गवत गुडघाभर वाढलं होतं, पण मेंढरं नव्हती आणि म्हातारा नव्हता. नाव तर मी विचारलंच नव्हतं.

"आबा, धूर गोडच होता, माझं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं.