कूमने शब्द दिलेली गाडी

त्या आठवड्यात त्रायको चौथ्यांदा बानेच्या अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा बानेने कॉफी विचारायचंही सोडून दिलं होतं. जुन्या गाड्या विकून पोट भरणाऱ्याला गिऱ्हाइकाची जात ओळखता येते. हा घासाघीस करणारा नव्हता, पळ काढणाराही नव्हता. हा फेऱ्या मारणारा होता. निळ्या सेडानभोवती एक फेरी, पांढऱ्या बुटक्या एसयूव्हीभोवती एक, मग दोहोंच्या मधोमध थांबून एक सुस्कारा, आणि पुन्हा निळी.

"त्रायकोकाका, जमीन झिजली माझी," बाने म्हणाला.

"झिजू दे. वर डांबर घाल."

"शनिवारपर्यंत दोन्ही ठेवतो तुमच्यासाठी. रविवारी निश शहरातून लोक येतात. मग माझ्या हातात नाही."

त्रायकोने खिशातून शिवणकामाची टेप काढली आणि पांढरीच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली. कालही मोजली होती. रात्रीतून ती वाढली नव्हती.

या माणसाला टेप लागावी, ही त्याच्या ओळखीच्यांना न पटणारी गोष्ट होती. एकतीस वर्षं तो लेस्कोवाट्स गावच्या नाटकमंडळीचा ड्रायव्हर होता. राजवाड्याचे खांब, सिंहासनं, एकदा तर सबंध होडी, सारं त्याने ट्रकमध्ये घालून गावोगाव नेलं. नेपथ्यवाले मोजमाप घेत बसायचे, आणि हा लांबून एक डोळा मिटून म्हणायचा, "जाईल. आडवं करून, पाय पुढे." ते जायचं. नटमंडळी त्याच्या गाडीत झोपायची, भांडायची, नव्याने प्रेमात पडायची. त्याने आरशातून सगळं पाहिलं आणि एक अक्षर कधी बाहेर काढलं नाही. असा नजरेचा पक्का माणूस दोन जुन्या गाड्यांपुढे हतबल झाला होता, कारण यात जे मावायचं होतं ते मोजता येत नव्हतं.

मावायची होती स्तामेना, त्याची बायको.

स्तामेना त्याच मंडळीत प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्यांखाली एक पेटी असायची, माणूस बसेल एवढीच. अठ्ठावीस वर्षं ती त्या पेटीत उतरली आणि प्रयोग संपला की कुणाचा हात न धरता एका झेपेत वर आली. मोठमोठे नट तिच्या ओठांकडे बघत जगले. गेल्या फेब्रुवारीत तिच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, जिने चढता येऊ लागले, पण खोल जागेतून उठणं तेवढं राहिलं. आणि त्रायकोची जुनी गाडी म्हणजे नुसता खड्डा.

वसंतात ते एका बारशाला गेले होते. देवळाच्या दारात गाडी थांबली, स्तामेनाने एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच अडकली. शेवटी दोन अनोळखी माणसांनी तिला काखेत धरून उपसून काढलं. त्यातला एकजण मायेनेच म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी क्रेन आणतो." ती हसली. घरी आली, पादत्राणं जागेवर ठेवली, आणि त्यानंतर कुठेही गेली नाही.

तिने तसं म्हटलं मात्र कधीच नाही. आज कपडे वाळत घालायचेत, आज मालिकेचा शेवटचा भाग आहे, आज वारा आहे. बाजार त्रायकोनेच आणला. लग्नांना त्रायको एकटा गेला आणि "स्तामेना कशी आहे?" याला "मजेत" म्हणत परत आला. ती मजेत नव्हती. संध्याकाळी खिडकीशी उभी राहून ती रस्त्यावरच्या प्रत्येक बाईच्या अंगावरचा कोट पुटपुटत ओळखायची. हे त्याने ऐकलं, आणि त्याला घरात बसवेना.

म्हणून मग जुनी गाडी मोडीत गेली आणि या फेऱ्या सुरू झाल्या.

"घे तुला हवी ती," ती म्हणायची. चुलीवर लाल मिरच्या भाजत होत्या, सगळ्या अंगणांतून तोच वास येत होता, आणि ती पाठ न वळवता सालं काढत होती. "मला काय. मी घरीच असते."

"तू येऊन एकदा बसून तर बघ."

"सीटवर बसायला काय शिकायचंय मला? निळी घे. तुझा जन्म सेडानमध्ये गेला. सप्टेंबरात मिरच्यांची पोती आणायची असतात, डिकी हवी. ती पांढरी म्हणजे उंच टाचांचे बूट घातलेली बुटकी बाई. लोक म्हणतील, त्रायकोला म्हातारपणी चळ लागला."

ती त्याच्यासाठी बोलत होती हे त्याला कळत होतं, आणि तिला ते कळलेलं चालणार नाही हेही. उघडपणे "तुझ्या खुब्यासाठी पांढरी घेतो" म्हटलं असतं, तर ती त्या गाडीत आयुष्यात बसली नसती. आणि तिच्या तोंडच्या शब्दाला मान देऊन निळी आणली, तर खिडकी आणि ती, एवढंच उरलं असतं.

नोवी सादला राहणाऱ्या मुलीला, यास्नाला, त्याने फोन केला.

"बाबा, पांढरी. यात विचार कसला करतोस?"

"डिकी लहान आहे."

"तुला डिकीत आईला ठेवायचंय का?"

त्याने फोन ठेवला, जोडे घातले, काढले, पुन्हा घातले आणि कूमकडे निघाला. तिथेच चूक झाली.

कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. रक्ताचा भाऊ एकवेळ रागावला तरी चालतो, कूम रागावून चालत नाही. घर घ्या, गाडी घ्या, मुलीला स्थळ बघा, कूमच्या कानावर घालायची पद्धत आहे. विचारायचं म्हणून विचारायचं असतं, मान राखण्यापुरतं. पण त्रायकोचा कूम, ग्रादिमिर, हा शाळेत चाळीस वर्षं कवायत शिकवलेला माणूस. त्याला मान राखण्यापुरतं काही करता येत नसे.

"तू जरा बघ," एवढंच त्रायको फळांच्या दारूचा, राकियाचा पेला ठेवताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रादिमिर दार न वाजवता स्वयंपाकघरात आला. चेहरा असा, की जणू टाळ्या अजून थांबल्या नाहीत.

"झालं काम. तुला झोप लागत नव्हती ना? आज झोप."

"काय झालं?"

"गेलो. बघितल्या. निळीचं इंजिन घड्याळासारखं. बानेच्या हातावर हात मारला, तिघांच्या देखत शब्द दिला. शनिवारी आपण जाऊन आणायची." त्याने एक भाजलेली मिरची उचलून तोंडात टाकली. "ती पांढरी नको. वळणावर पालथी होईल."

त्रायकोने तोंड उघडलं. कूमने दिलेला शब्द परत घ्यायला लावणं म्हणजे भर बाजारात त्याच्या डोक्यावरची टोपी उडवणं. त्याने तोंड मिटलं आणि स्तामेनाकडे पाहिलं.

स्तामेनाच्या हातातली सुरी क्षणभर थांबली होती. मग ती वळली. "चांगली निवडलीस, कूम," ती म्हणाली. "शनिवारी मीही येते."

चार महिन्यांत पहिल्यांदा ती कुठे तरी येते म्हणाली होती. शुक्रवारी त्रायको अंथरुणावर नुसता कूस बदलत राहिला.

शनिवारी तिने हिरवा कोट घातला. बानेच्या अंगणापर्यंत ते दोघं बसने गेले. ग्रादिमिर आधीच पोचून निळीचं दार धरून उभा होता.

"या, वहिनी. राणीची जागा."

स्तामेना सीटकडे पाठ करून उभी राहिली, मागे न बघता बसली, आणि शेवटची वीतभर उंची नुसती पडली. कोटाच्या टोकाला तिची मूठ आवळलेली त्रायकोने पाहिली. तो गाडीला वळसा घालून स्टिअरिंगमागे बसला.

नदीपर्यंत जाऊन आले. काचा बंदच होत्या, कारण दोन खिडक्यांतून वारा आरपार गेला की मान धरते, कान जातो, कधीकधी माणूसही जातो, यावर आमच्या गावात कुणाचंच दुमत नाही. ग्रादिमिर मागून प्रत्येक खड्ड्याला म्हणत होता, "कळला का? नाही कळला." त्रायकोला प्रत्येक खड्डा कळत होता. गाडी खरोखर चांगली होती, हेच वाईट होतं.

अंगणात परत आल्यावर ग्रादिमिर उतरला आणि मोठ्या थाटात त्याने स्तामेनाचं दार उघडलं.

"मी बसते जरा," स्तामेना म्हणाली. "छान आहे सीट."

"बसा, बसा. तुमचीच आहे."

बाने कॉफी घेऊन आला. "इथेच दे," ती म्हणाली. तिने गाडीतच कॉफी घेतली, अगदी हळू, तळाच्या गाळापर्यंत. ग्रादिमिरने शाळेतला एक किस्सा सांगितला. ती हसली. त्याने दुसरा सांगितला. ती त्यालाही हसली, आणि रिकामा कप तसाच धरून बसली. बानेने किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. त्रायको दाराशी आला, दूर गेला, चाकाला लाथ मारून पाहिली, परत दाराशी आला. हात पुढे करावा, तर ती नजरेनेच म्हणत होती, खबरदार. अठ्ठावीस वर्षं पेटीतून ती असंच बघायची. वाक्य अडलं तरी चालेल, पण भलतं वाक्य नको.

"आता घरी न्यायची ना?" बाने म्हणाला. "की आज मुक्काम इथेच?"

ग्रादिमिर हसला. स्तामेनाही हसायला गेली, आणि तिचा खालचा ओठ हलला. फार थोडा. हॉलमधल्या दुसऱ्या रांगेलाही दिसला नसता.

"ग्रादिमिर," त्रायको म्हणाला, "तिला उठता येत नाही."

स्तामेना समोरच्या काचेतून कुंपणाकडे बघत राहिली.

"म्हणजे?"

"खोल सीटवरून उठता येत नाही. ऑपरेशन झाल्यापासून. म्हणून ती कुठे जात नाही. वारा, मालिका, ते सगळं खोटं. मला पांढरी हवी होती. तू शब्द देऊन आलास, आणि माझी जीभ उचलली नाही."

ग्रादिमिरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आता गेला कूम, त्रायकोला वाटलं. बेचाळीस वर्षांचा.

"किती महिने घरात?" ग्रादिमिरने विचारलं.

"चार."

"चार महिने. आणि मी दर रविवारी तुमच्याकडे येऊन जेवतो." त्याचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा झाला. "शब्द गेला खड्ड्यात. शब्द काय, मी रोज देतो. मला सांगितलं नाहीत तुम्ही. बेकरीवाल्याला माहीत असेल, मला नाही. मी लग्नात उभा राहिलो तो काय फोटोसाठी?"

"कूम, ओरडू नकोस," गाडीतून स्तामेना म्हणाली. "मीच सांगू दिलं नाही."

"का?"

"तू मला धावत बस पकडताना बघितलं आहेस."

ग्रादिमिरने नाक पुसलं आणि खाली वाकून हात पुढे केला.

"तसं नाही," ती म्हणाली. आवाज एकदम बदलला होता, दबका आणि स्पष्ट. "त्रायको, तू गुडघ्यापाशी. कूम, तू पाठीमागे हात नुसता ठेव. ओढायचं नाही. मी म्हणेन तेव्हा. अजून नाही. अजून नाही. आता."

ती वर आली. सुबक नाही, पण आली. कोट झटकला, केस मागे घेतले, आणि कुणाकडे न बघता अंगण ओलांडून पांढरीपाशी गेली. दार उघडलं. सीट तिच्या मांडीच्या उंचीला होती. ती बाजूने टेकली, पाय आत घेतले, दार लावलं. दार उघडलं, पाय बाहेर, उभी. पुन्हा बसली, पुन्हा उभी. तालमीत अडलेली जागा घोटून घ्यावी तशी पाच वेळा.

"दाराला काही झालंय का?" बानेने हळूच विचारलं.

"गप्प बस," ग्रादिमिर म्हणाला आणि त्याला दंडाला धरून कचेरीत घेऊन गेला. आत काय बोलणं झालं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. बाहेर आला तेव्हा हातात पांढरीची किल्ली होती आणि तो बानेकडे बघत नव्हता.

"वळणावर जपून," एवढंच म्हणून तो मागच्या सीटवर बसला.

त्रायकोने गाडी रस्त्यावर घेतली. उंच बसून त्याला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. रस्ता दूर गेल्यासारखा वाटत होता, ब्रेक अनोळखी होता, आणि डिकीत दोनच पोती बसतील हे डोक्यातून जात नव्हतं. तिसरं कुठे ठेवायचं? मागच्या सीटवर? मग कूम कुठे?

"थांबव," बाजाराच्या कोपऱ्यावर स्तामेना म्हणाली.

"इथे थांबता येत नाही."

"थांबव रे."

त्याने थांबवली. तिने दार उघडलं, पाय खाली टेकवला, उतरली आणि दार लावून गर्दीत शिरली. कुठे ते सांगितलं नाही. हिरवा कोट चीजवाल्याच्या दुकानाशी दिसला, मग दिसेना, मग फुलांच्या टपरीपुढे एका लठ्ठ बाईचे दोन्ही हात धरून उभा दिसला. दोघी एकदमच बोलत होत्या.

मागच्या व्हॅनने हॉर्न वाजवला. त्रायको चुळबुळला. आरशात बघितलं, घड्याळात बघितलं, पुन्हा टपरीकडे बघितलं.

"किती वेळ लावणार आहे ही?" मागून ग्रादिमिर म्हणाला. "जाऊन सांगू का?"

"नको," त्रायको म्हणाला. व्हॅनवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्रायकोने चारी दिवे लुकलुकते केले आणि इंजिन बंद केलं.